अपघात झाल्यास

शाळेच्या स्की टीमसाठी ओवीने आणलेला फॉर्म सुनेने सही करून लगेच परत दिला. मी मात्र तो बोट ठेवून ओळ न् ओळ वाचला. हाड मोडणे, डोक्याला मार, मृत्यू, सगळे त्यात लिहिले होते. आणि शेवटी, ‘अपघात झाल्यास कोणाला कळवावे’ या रकान्यात माझे नाव होते.

“माझं कशाला गं घातलंस?”

“बिकॉज यू ऑलवेज पिक अप, आजी,” ओवी म्हणाली. माझे मराठी तिला सगळे समजते, पण पंधरा वर्षांत तिने मला एकदाही मराठीत उत्तर दिलेले नाही.

म्हणून आठवडाभर भाजी चिरताना मी दोनच वाक्ये घोकली, ‘आय ॲम ग्रँडमदर’ आणि ‘इज शी अलाइव्ह?’

शुक्रवारी रुआपेहू डोंगराच्या बर्फावर टीमची निवड होती. सकाळी अकराला तिच्या स्कीच्या सरांच्या नंबरवरून फोन आला. मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. “आय ॲम ग्रँडमदर,” एवढेच म्हणाले.



“आजी, मीच आहे, सरांचा फोन मागून घेतला,” ओवी अडखळत म्हणाली, “इथून खाली बघून मला खूप भीती वाटते, आणि टीममध्ये कोणाला कळायला नको, म्हणून मराठीत बोलते.”