दुपारची विचारपूस

“जावईबापू रोज दुपारी कॅमेऱ्यातून माझी विचारपूस करतात,” जेवताना आंधळे अप्पा कौतुकानं म्हणाले.

मृण्मयीचा घास हातातच राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. “मी तर कधी बोललोच नाही,” तो पुटपुटला.

वडील दिवसभर एकटे असतात म्हणून तिनंच तो कॅमेरा वायफायला जोडला होता. पासवर्ड मात्र खोक्यावर छापलेलाच राहिला होता. आता ती घाईनं तो बदलू लागली, तसा कॅमेरा हलकेच तिच्याकडे वळला.

“अप्पा, आणखी काय विचारलं त्यानं?”

“काही नाही गं. आज किल्ली विसरलो म्हणाले. मी सांगितलं, जादाची मीटरच्या पेटीत असते.”

दोघंही बाहेर धावली. पेटीत किल्ली नव्हती.

आतून अप्पांचा आवाज आला, “अगं, तुम्ही दोघं बाहेर, मग माझ्या खोलीत कोण चालतंय?”