आगरच्या बत्तीचा अहवाल

नारूच्या बायकोच्या, काळीच्या तिरडीला खांदेकरी मिळेनात, तेव्हा गणू आपल्या ओट्यावर बसून फाटलेलं जाळं सांधत होता. आगरमधल्या एकाही घराचं दार उघडलं नाही. दुपारी रानशेतहून नारूच्या ओळखीचे तिघे आले, तेव्हा कुठे काळीला उचलली. चौथा खांदा नारूचाच. गणूनं मान वर केली नाही. नारूला वाळीत टाकायचं हे त्यानंच ठरवलं होतं, आणि गाव त्याच्या शब्दाबाहेर नव्हतं.

कारणही तसंच होतं. खाडीच्या तोंडावर सरकारी बत्ती होती आणि नारू तिचा राखणदार. सत्तावन्न सालच्या कार्तिकात एका रात्री ती विझली. परतणारी होडी खडकावर फुटली, सहा जण गेले. त्यांत गणूचा धाकटा भाऊ चंदर होता. गणूही त्याच होडीवर असायचा. पण बायको शांती अडली होती, म्हणून तो डहाणूला नर्सबाईंना आणायला गेला होता. सकाळी परतला तर घरात लेक जन्मली होती आणि किनाऱ्यावर चंदरला आडवा घातला होता.

सरकारनं चौकशी नेमली. एक साहेब आठवडाभर डहाणूच्या कचेरीत बसून साक्षी घेऊन गेले. नारूची साक्ष दार लावून झाली. त्याची नोकरी गेली, पण खटला काही झाला नाही. कोणी विचारलं तर तो एवढंच म्हणे, "बत्ती माझी होती. विझली."

एवढ्यानं गणूचं भागणार नव्हतं. नारूला बेड्या घालून डहाणूच्या रस्त्यानं नेताना त्याला बघायचं होतं. तोवर त्यानं नारूला सुखानं श्वास घेऊ दिला नाही. नारूची सुकट आगरात कोणी घेईना, डहाणूत घेईना; तो टोपली घेऊन थेट उधव्याच्या बाजाराला जाई. एकदा गणूची आई चंद्रावती पदराआड भाकरी घेऊन नारूच्या खोपटाकडे निघालेली दिसली. गणूनं ती भाकरी तिच्यादेखत कुत्र्याला घातली.

"चंदर तुझ्याच पोटचा होता ना, आय?"

त्या दिवसापासून म्हातारी त्याच्यासमोर जेवायला बसेनाशी झाली.

अहवाल कुठे अडला हे शोधायला गणू मुंबईच्या खेपा घालू लागला. सचिवालयातल्या एका कारकुनानं त्याला समजावलं, की अहवाल सरकारकडे आला म्हणून तो लोकांचा होत नाही. आपण त्यावर काय करणार, हे टिपण जोडून मंत्र्यांनी तो विधानसभेच्या पटलावर ठेवावा लागतो. तोवर तो कपाटात. कोणी विचारलंच नाही, तर कायमचा कपाटात. गणूनं आमदाराचा उंबरठा झिजवला. आमदारांनी दोनदा प्रश्न टाकला, आणि एकसष्टच्या मार्चात अहवालाची तारीख लागली.

गणू पास काढून सज्जात बसला. त्याला वाटलं होतं, सभागृह हादरेल. मंत्र्यांनी आधी कसलेसे नियम ठेवले, मग दोन अधिसूचना ठेवल्या. त्याच सुरात ते म्हणाले, "आगर येथील होडी दुर्घटनेचा चौकशी अहवाल मी सभागृहाच्या पटलावर ठेवतो." आणि खाली बसले. समोरचा एक सदस्य जांभई देत होता. सहा माणसं एका वाक्यात संपली.

कारकुनानं त्याला अहवाल वाचून दाखवला. बत्तीत तेल नव्हतं. राखणदाराची कसूर खरी, पण त्यामागची हकिकत परिशिष्ट 'ब' मध्ये आहे. ते साक्षीदाराच्या विनंतीवरून जोडलेलं नाही. सरकार पुढे काही करू इच्छीत नाही.

गणूचं माथं भडकलं. नारूनं तेल विकलं, आणि वर साहेबाचे पाय धरून ते झाकलं! तो आमदारांच्या खोलीत ठाण मांडून बसला. साहेबांनी झाकलं तर काही कारण असेल, असं आमदारांनी सुचवून पाहिलं.

"कारण मला ठाऊक आहे," गणू म्हणाला. "तुम्ही ते उघडं करा."

आमदारांनी सभागृहात हरकत घेतली, की अर्धा कागद पटलावर ठेवणं हा सभागृहाचा अपमान आहे. या वेळी मात्र सगळे जागे झाले. अध्यक्षांनी सांगितलं, ठेवायचा तर पुरा ठेवा. अधिवेशन संपायच्या आत परिशिष्ट 'ब' पटलावर आलं.

त्याची प्रत गणूनं कोणाला वाचू दिली नाही. ती त्याला सगळ्या गावाबरोबर ऐकायची होती. रविवारी सकाळी बोंबील वाळवायच्या मैदानात त्यानं गाव जमवलं. बुडालेल्या सहा जणांची घरं पुढे बसवली, त्यांत आपली आई. नारूला दोघांनी धरून आणलं. तो वाळूत बसला आणि हळूच म्हणाला, "गणू, हे वाचायला नको लावूस."

चार वर्षांत नारूनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. गणूला ते उसाच्या रसासारखं गोड लागलं.

शाळेच्या गुरुजींनी पान उलटलं, ओळींवरून नजर फिरवली आणि ते थांबले. हे आधी आपण दोघंच घरी बसून वाचू, असं त्यांनी गणूला खालच्या आवाजात सांगितलं.

"इथंच," गणू म्हणाला. "मोठ्यानं. एक अक्षर गाळायचं नाही."

गुरुजी वाचू लागले.

"प्रश्न : रात्री बत्तीत घालायचा घासलेटचा डबा कुठे गेला? उत्तर : मी दिला. प्रश्न : कोणाला? उत्तर : चंद्रावतीबाईला. तिची सून अडली होती. घरात थेंब नव्हता, अंधारात बाळंतपण होईना. बत्तीत आहे तेवढं होडी येईपर्यंत पुरेल, असं मला वाटलं. प्रश्न : मग हे गावापासून का लपवायचं? उत्तर : गणूसाठी. माझ्यावर राग धरून तो जगेल, साहेब. आईवर धरून कसा जगेल?"