दोन हजार अडतीस

२००३ साली नोएडाच्या ऑफिसात उत्तरा तीन आठवडे एकाच आकड्याच्या मागे होती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात सेकंद मोजायला ठेवलेली जागा २०३८च्या जानेवारीत भरून जाणार होती, आणि मग कॉम्प्युटरचं घड्याळ थेट १९०१ साल दाखवणार होतं. तिने ती जागा दुप्पट केली. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून त्यांची जुनी वाटही तशीच राहू दिली.

"अरे यार, अभी पैंतीस साल हैं," मॅनेजर म्हणाला.

घरी तिने हे अण्णांना सांगितलं. केंद्र सरकारच्या एकाच खात्यात सदतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या अण्णांना इतक्या पुढचा विचार फार आवडला.

"शाबास! तोवर तू रिटायर झालेली असशील. पण ऑफिसातली नवी पोरं म्हणतील, हे आपल्या उत्तराबाईंनी करून ठेवलंय."

त्यांचा आनंद तिला मोडवेना, पण खोटंही बोलवेना.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंतच आहे."