पालथी घागर

सुज्ञ वाचकहो, कडावच्या ओढ्याने एका मातेवर केलेला उपकार येथे यथामती निवेदन करीत आहे.

गावात पटकीची साथ पसरली होती. जयवंताबाईची लेक ज्वराने तळमळून पाणी मागत होती, म्हणून ती माता ओढ्यावर धावली. पाणी आरशासारखे निर्मळ होते. तिने घागर उभी धरली होती. प्रतिबिंबातील बाईने मात्र पालथी धरली होती.

शेजारीण इंदूबाई हसली. "भर की गं. सोताचं रूप काय बघत बसलीस?"

"नाय भरीत. ती वतून टाकतेय बघ."

इंदूबाईने वाकून पाहिले आणि आपली घागर रिती केली.

जयवंताबाईने काठच्या वाळूत डवरा उकरला व त्यात झिरपलेले पाणी लेकीस पाजले. सायंकाळी वार्ता आली, की वरच्या डोहात मेलेली म्हैस कुजत आहे.

लेक वाचली. जयवंताबाई हळदकुंकू घेऊन ओढ्यावर गेली आणि तिने हात जोडले. पाण्यातील बाईने हात जोडले नाहीत. तिने घागर सरळ करून पुढे धरली.

जयवंताबाईने डवऱ्याचे पाणी तीत ओतले. ओढ्यावर एकही तरंग उठला नाही.

वाचकांचा ऋणी,
त्याच लेकीचा पुत्र भिवाजी