भिंतीलगतचा दगड

एकाच स्फोटात साहेब गेले आणि त्यांचा आचारीही गेला. लष्करी दफनभूमीत साहेबांच्या संगमरवरावर हुद्दा, घराणं, अगदी शाळेचं नावसुद्धा कोरलेलं होतं. मागच्या भिंतीलगतच्या दगडावर एकच शब्द होता: आचारी.

त्याच्या बायकोनं वर्षभर अर्ज केले, तेव्हा कुठे नाव कोरायची परवानगी मिळाली. पाथरवटानं तिच्यासमोर नाव कोरलं. दुसऱ्या दिवशी नावाची जागा गुळगुळीत झाली होती. ‘आचारी’ तेवढं शिल्लक होतं. त्यानं पुन्हा कोरलं, आणि पुन्हा तेच झालं.

तिसऱ्या दिवशी ती सासूला घेऊन आली.

“या वेळी बोटभर खोल कोरतो, ताई,” पाथरवट म्हणाला. “तेवढं नाव परत सांगा. माझ्या डोक्यातून पार गेलंय.”

तिनं तोंड उघडलं. एकोणीस वर्षांचा संसार झाला होता, पण जिभेवर काही येईना. घाबरून तिनं सासूकडे पाहिलं. “आई, तुम्ही सांगा. तुम्हीच ठेवलं होतंत ना?”

म्हातारीनं दगडावरून हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“असं काय करतेस गं?” ती मायेनं म्हणाली. “आचारी.”