ऑल अमेरिका ढोलपथक

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनाच्या उद्घाटनाला अख्ख्या अमेरिकेतून निवडलेले अकरा मराठी ढोलवादक वाजवणार होते, आणि निवड होती न्यू जर्सीच्या, पण मूळ पार्ल्याच्या देवदत्तकाकांकडे. ओहायोतल्या डब्लिन गावच्या रुचाचा ढोल म्हणजे जीव की प्राण. पण ओहायोत राहणाऱ्या नागपूरच्या मुलीला तिकडे कोण विचारतंय, असं तिला वाटायचं.

झूम मीटिंगमध्ये काका त्यांच्या लाडक्या जुन्या कॉलेज फुटबॉलवर घसरले. "सव्वाशे वर्षांपूर्वी इथे देशातले बेस्ट अकरा प्लेअर निवडायचे. निवडणारे ईस्ट कोस्टचे. घराजवळच्या तीन-चार कॉलेजांतली पोरं घ्यायची आणि टीमला म्हणायचं ऑल अमेरिका. लांबच्यांचा खेळ बघायलाही कोणी जायचं नाही. माझ्या हातून असला अन्याय होणार नाही. अकरा राज्यांतून अकरा जण घेणार."

रुचा अशी हरखली की तिनं गॅरेजमध्ये ढोल बडवून तीन व्हिडिओ पाठवले. ते शूट केले नवऱ्यानं, शंतनूनं, कानात कापसाचे बोळे घालून.

रविवारी यादी आली. अकरा राज्यं, अकरा नावं. ओहायोसमोर नाव होतं शंतनूचं. हसून हसून दोघांची पुरेवाट झाली. शेवटी डोळे पुसत रुचानं फोन लावला.

"काका, शंतनूनं जन्मात ढोल उचललेला नाही. तुम्ही माझे व्हिडिओ बघितलेत ना?"

"व्हिडिओ कशाला बघायला हवेत?



अगं, आपल्या पार्ल्याचा आहे तो. वाजवेल."