स्टिअरिंगची थरथर

नवऱ्याने हौसेने गाडी उंच करून घेतली, दांडगी चाकं बसवली. तेव्हापासून खड्डा लागला की बायकोच्या हातात स्टिअरिंग थडथडायचं.

"गाडीला काय धाड भरलीय? तुझेच हात कापतात," तो चारचौघांत हसायचा. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटलं. तिने गाडी चालवणं सोडलं, डॉक्टरकडून गोळ्या सुरू केल्या.

आज त्याला स्वतःला लांब जायचं होतं, म्हणून गाडी गॅरेजात आली. स्टिअरिंग हलवायला लावून मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं.

"अहो, पुढच्या आडव्या दांडीचा बोल्ट सैल आहे, भोकही झिजलंय. कुणीही चालवली तरी थरथरणारच!"

त्यांनी भोक वेल्डिंगने भरून नीट केलं, नवा बोल्ट आवळला. गाडी लोण्यासारखी चालली.

"बायकोला सांगू नका हं," नवरा हळूच म्हणाला. "मला आधीच ठाऊक होतं. पण तिचं ऊठसूट माहेरी पळणं तरी थांबलं!"

त्याचा घरी विसरलेला मोबाइल द्यायला आलेल्या, गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

तिने मिस्त्रींच्या हातून चावी घेतली, आणि नवऱ्याला तिथेच सोडून माहेरचा रस्ता धरला.